दक्षिण काठ धरून: बेळगाव भागातल्या पाणपक्ष्यांमागे कॅमेरा घेऊन पाच दिवस

घटप्रभा आणि मलप्रभा या दोन्ही नद्या सह्याद्रीत उगवतात आणि बेळगाव जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडून जातात. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेच्या अंगाने चालतो. जानेवारीच्या मध्यात तो इथे सातच्या पुढेमागे उगवतो, तोही नेमक्या पूर्वेला नाही, बावीस अंश आग्नेयेकडे सरकून. सव्वासहाला मावळतो तेव्हा तेवढाच नैऋत्येकडे सरकलेला असतो. म्हणजे या नद्यांच्या दक्षिण काठावर उत्तरेकडे तोंड करून बसलं, की सकाळी ऊन उजव्या खांद्यावरून आणि संध्याकाळी डाव्या खांद्यावरून समोरच्या पक्ष्यावर पडतं. उत्तर काठावर बसणाऱ्याचा दिवस उन्हाशी भांडण्यात जातो. पक्षी कुठे दिसतील असं सगळेच विचारतात. कुठल्या काठावर बसायचं, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

जानेवारीचा दुसरा आठवडा निवडायला कारण आहे. स्थलांतरित बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून यायला लागतात, पण तेव्हा बऱ्याच नरांची जुनी पिसं गळून नवी आलेली नसतात. नर मादीसारखेच मळकट दिसतात. जानेवारीपर्यंत तलवार बदकाची मानेवरची पांढरी रेघ, थापट्याचं हिरवं डोकं, चक्रांगाच्या डोळ्यावरचा हिरवा पट्टा सगळं पुरतं उमटलेलं असतं. शिवाय धरणांचं पाणी थोडं उतरून काठ उघडे पडू लागलेले असतात. या प्रवासात काठ उघडा पडणं पुन्हा पुन्हा येणार आहे.

पहिला दिवस: किल्ल्याचं तळं, मग येळ्ळूरकडची शिवारं

नवी लेन्स घेऊन थेट अभयारण्य गाठू नये. बेळगाव किल्ल्याजवळच्या तळ्यावर रहदारी आहे, फिरायला येणारी माणसं आहेत आणि त्यांना सरावलेल्या टिबुकल्या, पाणकावळे, वंचकही आहेत. इथे बक्षिसाचा फोटो मिळणार नाही, पण सामानाची परीक्षा होते.

लेन्स १५०-६०० ची झूम, सोबत एक फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) आणि एक क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा. ६०० मिलिमीटरवर फुल फ्रेममध्ये २५ मीटर अंतरावर चौकटीत दीड मीटर रुंदी मावते. चक्रांग बदक साधारण ३६ सेंटीमीटर लांब, म्हणजे चौकटीचा जवळजवळ पाव भाग. तेच बदक ६० मीटरवर असेल तर चौकट ३.६ मीटरची होते आणि बदक तिच्या दहाव्या भागात बसतं. क्रॉप सेन्सरवर २५ मीटरला रुंदी एक मीटरच्या किंचित आत येते. हा हिशेब एकदा डोक्यात बसला, की शंभर मीटरवरच्या थव्यावर पाचशे फ्रेम उडवायचा मोह आपोआप सुटतो. अंतर निम्मं करणं म्हणजे लेन्स दुप्पट करणं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

नेटकेपणाची खोली, म्हणजे पुढून मागे किती अंतर नेटकं येतं, हेही इथेच समजून घ्यावं. एफ ६.३ ला, ६०० वर, २५ मीटरला ती साधारण ६५ सेंटीमीटर असते आणि १५ मीटरला जेमतेम २४. बदक आडवं पोहत असेल तर अडचण नाही. आपल्याकडे तोंड करून येत असेल तर डोळा नेटका आणि शेपटी पुसट होणार, हे धरून चालावं. पुढेमागे पोहणारी दोन बदकं एकत्र नेटकी हवी असतील तर ती आपल्यापासून सारख्या अंतरावर येईपर्यंत थांबणं, एवढाच इलाज. एफ ११ करून, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करून, आयएसओ वाढवण्याने फारसं हाती लागत नाही.

तळ्यावर करायची एक चाचणी सगळ्यांनी करावी. साठ-सत्तर मीटरवरचा एखादा दगड किंवा पायरी सकाळी साडेसातला टिपायची, आणि तीच साडेदहाला. दुसरा फोटो मऊ दिसला तर दोष लेन्सचा नाही. जमीन तापली की तिच्यालगतची हवा थरथरू लागते आणि प्रकाश त्या थरांतून वाकत येतो. यावर शटर वाढवून, स्टॅबिलायझर बदलून, लेन्स दुरुस्तीला पाठवून काहीही होत नाही. अंतर कमी करायचं, नाहीतर कॅमेरा बॅगेत ठेवायचा.

दुपारी बीन बॅग, म्हणजे लेन्स टेकवायची पिशवी, भरली. रिकामी पिशवी नेऊन तिथेच धान्य घ्यावं. बेळगावात मसूर उत्तम मिळते, अडीच किलो पुरते. पिशवी पाऊणच भरायची, कारण गच्च भरली तर लेन्स तिच्यावरून घसरते. परतल्यावर मसुरीची आमटी होतेच. तांदूळ दवाने ओलसर होतो आणि पिशवीला कुबट वास धरतो.

संध्याकाळी येळ्ळूर, अनगोळ, वडगावच्या शिवारात. भात कापून झाल्यावर त्या ओलीवर इथे मसूर, वाटाणा, हरभरा होतो. अधूनमधून बळ्ळारी नाल्याचं पाणी साचलेलं असतं. नाल्यात शहराचं सांडपाणी येतं, वासाची तयारी ठेवावी. पक्ष्यांची तक्रार नसते. शेकाट्या, ठिपकेदार तुतवार, पिवळे धोबी तिथेच चरतात, आणि बांधाच्या गवतात पाणलावा पायाखालून उडेपर्यंत दिसत नाही. चालायचं ते बांधावरून. कोवळ्या मसुरीत पाय टाकला तर शेतकरी बोलतो, आणि बरोबरच बोलतो.

दुसरा दिवस: धूपदाळ

पहाटे पावणेपाचला बेळगाव सोडलं. धूपदाळला उजाडायच्या आत पोचणं महत्त्वाचं. रेल्वेने येणाऱ्यांना मिरज-लोंढा मार्गावरचं घटप्रभा स्टेशन जवळ पडतं, पण पहाटेची वेळ गाडीच्या वेळापत्रकाशी जुळेलच असं नाही. त्यापेक्षा आदल्या रात्री घटप्रभेत किंवा गोकाकात मुक्काम सोपा.

घटप्रभा पक्षी अभयारण्य १९७४ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र तीस चौरस किलोमीटरच्या आसपास. त्याचा जीव आहे धूपदाळचा जुना दगडी बंधारा. इंग्रजी अमदानीतल्या या बंधाऱ्यामागे शंभराहून जास्त वर्षांचा गाळ साचलेला आहे. पाटबंधाऱ्यांच्या दृष्टीने ही अडचण असेल, पण बदकांना नेमकं हेच हवं. डोकं बुडवून चरणाऱ्या बदकांना, म्हणजे तलवार, थापट्या, चक्रांग, भुवई बदक यांना, साधारण फूटभर खोल पाणी लागतं. शेकाट्याला त्याहून कमी. तुतवार आणि चिखल्यांना तर घोटाभरही नको, नुसता ओला चिखल पुरतो. पाणी भरपूर दिसतं म्हणून खोल भागासमोर ठाण मांडलं, तर समोर फक्त पाणकावळे पोहतात.

दुसरी गोष्ट नकाशात दिसत नाही. धूपदाळच्या वर याच नदीवर हिडकलचं धरण आहे. धूपदाळहून निघणाऱ्या कालव्यासाठी हिडकलमधून नदीत पाणी सोडतात. त्यामुळे काल चिखल होता तिथे आज वीतभर पाणी असू शकतं, आणि तुतवारांचा थवा दोन फर्लांग पुढे सरकलेला असतो. पोचल्याबरोबर काठाशी एक काठी रोवून पाण्याच्या रेषेवर खूण करून ठेवावी. तासाभराने बघितलं की पाणी चढतंय की उतरतंय ते कळतं. उतरत असेल तर बसून राहावं, पक्षी खाणं शोधत काठाकडे येतात. चढत असेल तर उथळ जागा कुठे सरकली ते दुर्बिणीने शोधून उठावं.

वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. ड्रोन आणायचंच नाही. वाट विचारताना इथे कानडी लागतं. "हक्की यल्ली अदाव?" (पक्षी कुठे आहेत?) एवढं जरी आलं तरी चहाच्या टपरीवरचा माणूस हात करून दिशा दाखवतो, आणि ती बहुतेक वेळा बरोबर निघते.

दक्षिण काठावर अंधारातच बसलो. पाण्यावर धुक्याचा थर होता. धुक्यात कॅमेऱ्याचं उजेडाचं मोजमाप फसतं: पांढरं बघून तो फोटो काळवंडतो, म्हणून एक ते सव्वा स्टॉप वाढवावा लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). ऊन चढलं आणि धुकं फाटलं की तो वाढीव स्टॉप विसरू नये, नाहीतर पहिलाच बगळा जळून पांढरा डाग होतो. आपोआप मोजमापाचा भरवसा नसेल तर ऊन स्थिर झाल्यावर सगळं हाती घ्यावं. स्वच्छ सकाळी आठच्या सुमारास एफ ६.३, आयएसओ ८००, शटर १/२५०० या जवळपास बसतं. बगळे, चमचे, शराटी अशा पांढऱ्या पक्ष्यांना यातून दोन तृतीयांश स्टॉप कमी करायचा. काळ्याभोर वारकऱ्यासाठी तेवढाच वाढवायचा. मागचं पाणी उजळ असो की गडद, ऊन तेच असेल तर आकडे तेच राहतात. थवा उजळ पाण्यावरून गर्द झाडीसमोर गेला तरी फोटो बिघडत नाही, हा हाती चालवण्याचा खरा फायदा.

काठावर कॅमेरा जमिनीपासून जितका खाली, तितका फोटो चांगला. उभं राहून काढलेल्या फोटोत बदकाची पाठ आणि भोवतीचा गढूळ काठ दिसतो. आडवं पडून काढलेल्यात त्याचा डोळा आपल्या डोळ्यासमोर येतो आणि मागचं पाणी दूरवर विरघळतं. त्यासाठी परात. घरातली जुनी ॲल्युमिनियमची, चौदा-पंधरा इंची. मधोमध भोक पाडून खालून ३/८ इंची बोल्ट घालायचा, दोन्ही बाजूंनी वॉशर, वर ट्रायपॉडचं बॉल हेड. बोल्टचे आटे परातीवर दहा-बारा मिलिमीटरच यावेत. जास्त आले तर हेड पूर्ण बसत नाही आणि डुगडुगतं. हार्डवेअरच्या दुकानात हमखास दहा मिलिमीटरचा बोल्ट हातात देतात. तो जवळजवळ बसतो, आणि तिथेच घात होतो, कारण आटे वेगळे असतात आणि जोर लावला की हेडचे आटे सोलून निघतात. इंची आट्यांचाच बोल्ट मागून घ्यावा, तो हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. भोकाभोवती एम-सील लावलं की चिखलाचं पाणी वर येत नाही. अशी परात ओल्या गाळावरून बोटाने ढकलली तरी सरकते. ट्रायपॉडचे पाय त्याच गाळात वीतभर रुततात.

आच्छादन म्हणून रंगीबेरंगी जंगली छापाचे कपडे घेण्याऐवजी धनगरी घोंगडी घ्यावी. या काठांवर मेंढरं आणि धनगर रोजचेच. बसका काळा आकार पक्ष्यांच्या ओळखीचा असतो, उभा माणूस नसतो. घोंगडीखाली पहाटेची थंडीही भागते. पुढे सरकायचं तर थेट थव्याकडे कधीच नाही, तिरपं आणि थांबत थांबत. एका बदकाने मान वर केली तर चालतं. निम्म्या थव्याने माना ताणल्या, खाणं थांबवलं आणि एकमेकांच्या जवळ येत पाण्याच्या आत पोहायला सुरुवात केली, की आपण हद्द ओलांडलेली असते. तिथेच दहा मिनिटं निपचित पडायचं. माना खाली गेल्या तर पुढे, नाहीतर मागे. उडवलेल्या थव्याचा फोटो ओळखू येतो: सगळ्यांच्या शेपट्या आपल्याकडे असतात.

आठच्या सुमारास ट्यूबवर बसून जाळी टाकणारे मासेमार पाण्यात आले आणि थवे त्यांच्यापासून सरकत काठाकडे आले. दोन तासांतली ही सर्वांत चांगली वीस मिनिटं. मासेमारांना पैसे देऊन पक्षी हाकलायला लावणारे लोकही भेटतात. त्यांच्याबरोबर बसू नये.

हिवाळ्यात या भागात सकाळचा वारा बहुधा पूर्वेकडून असतो. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात. म्हणजे सकाळी त्यांचं तोंड पूर्वेला, ऊनही तिकडूनच: डोळ्यात चमक, पंखांखाली उजेड. संध्याकाळी वारा तसाच राहिला तर तोंड पूर्वेला आणि ऊन शेपटीवर. म्हणून उडतानाचे फोटो सकाळी आणि बसलेल्या, पोहणाऱ्या पक्ष्यांचे संध्याकाळी, अशी वाटणी ठेवली. तलवार आणि चक्रांग पाण्यातून सरळ वर उसळतात, सावध होईपर्यंत संपलेलं असतं. वारकरी पाण्यावर धावत धावत उठतो. नवख्याने सराव त्याच्यावर करावा.

दहाच्या पुढे करकोचे आले. कांड्या करकोचा आणि श्वेतबलाक ही या अभयारण्याची खरी ओळख. करकोचे सकाळी शिवारात दाणे टिपायला जातात आणि ऊन चढल्यावर पाणी प्यायला, विसावायला नदीच्या उघड्या पुळणीवर येतात. त्यांच्यामागे शेतातून फिरण्यात अर्थ नाही. ते पायी येणाऱ्या माणसाला फार लांबून टाळतात, बैलगाडीला मात्र भीत नाहीत. आवाज आधी येतो, बराच दूरवरून. उतरायच्या जागेवर ते आधी गोल घिरट्या घालतात, आणि तेवढ्या वेळात कोणी हललं तर घिरट्या घालत निघून जातात. १/१६०० शटर त्यांना पुरतं, बदकांना १/२५०० ते १/३२०० लागतं. आवाजविरहित इलेक्ट्रॉनिक शटर मोहात पाडतं, पण ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर हळू वाचला जातो त्यात पंख वाकडे, लवलवीत येतात. बसलेल्या पक्ष्याला ते वापरा, उडत्याला यांत्रिक शटरच.

तिसरा दिवस: हिडकल, थोडक्यात

हिडकलचा जलाशय ५१ टीएमसीचा, म्हणजे ५१ अब्ज घनफुटांचा. जानेवारीत पाणी अजून बरंच असतं आणि बहुतेक काठ खोल. दुर्बिणीत पक्षी खूप दिसतात, फोटोत ठिपके येतात. धरणाच्या भिंतीवर कॅमेरा काढू नये. गाडीने काठाकाठाने फिरून ओढे जलाशयाला मिळतात ती तोंडं शोधायची, कारण गाळ आणि उथळ पाणी तिथेच असतं. अशा एका तोंडाशी हळदी-कुंकू बदकांची जोडी, चित्रबलाक, राखी बगळे, आणि वर घिरट्या घालणारे नदी सुरय मिळाले.

सुरय टिपताना फोकस मागच्या डोंगरावर उडी मारतो. लेन्सवरचं अंतराचं बटण दहा मीटर ते अनंत असं ठेवलं आणि पक्षी लांब असतानाच पकडून त्याच्याबरोबर फिरत राहिलं की हे कमी होतं. पाण्यात सूर मारण्याआधी सुरय क्षणभर हवेत थबकतो आणि चोच खाली वळवतो. बोट तेव्हा दाबायचं. छपाक दिसल्यावर दाबलं तर फक्त पाणी येतं.

गाडीतून फोटो घ्यायचे तर इंजिन बंद, आणि काचा पंधरा मिनिटं आधी उघड्या. आतली उबदार हवा खिडकीतून बाहेर वाहत असते आणि लेन्ससमोरच थरथरते. तापलेल्या बॉनेटवरून तर कधीच नाही. उलटी चूक म्हणजे थंडीत गार झालेली लेन्स एकदम उबदार गाडीत घेणं: काचेवर वाफ धरते. ती पुसू नये. बंद चेनच्या बॅगेत ठेवून अर्ध्या तासाने उघडावी.

साडेदहाला हवा थरथरायला लागली. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, पण या दिवसांत त्याला फारशी धार नसते. करदंट ही गोकाकची मिठाई घेतली आणि दुपार कार्डं रिकामी करण्यात घालवली. एका रॉ फाइलला २५ एमबी धरले तर दोन हजार फ्रेमचे ५० जीबी होतात. रोज दोन हजार सहज होतात, आणि दोन ठिकाणी प्रत ठेवायची तर तेवढी जागा दोनदा लागते.

चौथा दिवस: रायबाग, कुडची, कृष्णा

या पट्ट्यात कॅमेऱ्याआधी ऊस भेटतो. साखर कारखान्यांचा हंगाम जोरात असतो, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर. नकाशा एक तास सांगतो तिथे दीड तास धरावा. फडातलं पाचट पेटवलेलं असलं की धूर पहाटेच्या गार हवेत खाली बसतो. सूर्य वर आला तरी ऊन तांबूस आणि मवाळ राहतं. एका परीने हे चांगलं, पण दूरच्या पक्ष्याचा रंग आणि रेखीवपणा त्या धुरात विरतो. धुराच्या सकाळी मोठ्या दृश्याचे फोटो काढावेत, जवळच्या पक्ष्याचे धूर उडाल्यावर.

कृष्णा इथे सरळ पूर्वेला न जाता आग्नेयेकडे उतरते, आणि वळणंही खूप. दक्षिण काठाचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. कुडचीच्या बाजूचा काठ नैऋत्येला पडतो, तो संध्याकाळचा. सकाळी समोरच्या, उगारच्या बाजूने गेलं तर ऊन बाजूने मिळतं. प्रत्येक वळणावर होकायंत्र काढून बघणं कंटाळवाणं वाटतं, पण फोनमध्ये ते असतंच.

पक्षी शोधायचे ते बंधाऱ्यांच्या खाली. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. कल्लोळ-येडूरच्या बंधाऱ्याचं नाव पुराच्या बातम्यांत दरवर्षी येतं. पावसाळा सरला की त्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात. मग वरच्या अंगाला पाणी काठोकाठ तुंबतं, खोल आणि पक्ष्यांना निरुपयोगी. खालच्या अंगाला मात्र खडक, वाळू आणि गोट्यांमधून झिरपणारं घोटाभर पाणी उघडं पडतं. चक्रवाकाच्या जोड्या, छोटे आर्ली, शेकाट्या, धोबी, खडकावर पंख वाळवत बसलेला तिरंदाज, सगळे तिथे. पंप चालू असले तर खालचं पाणी तासातासाला बदलतं. आवाजाची पक्ष्यांना सवय असते, आपल्या हालचालीची नसते.

चक्रवाक सर्वांत आधी बोंब मारणारा. त्याने "आँग, आँग" सुरू केलं की खडकावरची सगळी पलटण सावध होते. म्हणून त्याच्यापासूनचं अंतर धरून जागा ठरवायची, बाकीचे आपोआप जवळ येतात. त्याचा विटकरी-नारिंगी रंग सकाळच्या तांबूस उन्हात भडक लालसर होतो. स्क्रीनवर लाल रंग कापला गेलेला दिसत नसला तरी त्या रंगाचा आलेख वेगळा तपासावा, आणि उजेड एक तृतीयांश स्टॉप कमी ठेवावा.

कृष्णेच्या काठावर आडवं पडायचं नाही. या नदीत मगरी आहेत, आणि पाण्याच्या कडेला सपाट पडलेला माणूस त्यांना कसा दिसतो याचा प्रयोग करण्यात शहाणपण नाही. परात गाडीतच ठेवली. पाण्यापासून निदान आठ-दहा मीटर मागे, थोड्या चढावर, मागे मोकळी वाट ठेवून, ट्रायपॉडचे पाय आखूड करून बसलो. जागा ठरवायच्या आधी गावातल्या माणसाला विचारावं. मगर कुठल्या डोहाला उन्हात पडते हे त्यांना ठाऊक असतं. मगरीचाही फोटो मिळतो, लांबून.

सूर्य मावळायला वीस मिनिटं असताना कुडचीच्या बाजूने समोरची वाळू सोन्यासारखी झाली. आयएसओ ३२०० च्या पुढे गेलं तरी हरकत नाही. पोहणाऱ्या पक्ष्याला १/८०० शटर पुरतं, बसलेल्याला १/४०० सुद्धा. ढगाळ करडेपणापेक्षा दाणेदार सोनेरी फोटो कधीही चांगला.

पाचवा दिवस: रेणुकासागर

रात्री गोकाकात. पहाटे साडेचारला यरगट्टीमार्गे सौंदत्तीकडे. दिवस निवडताना यल्लम्माची यात्रा बघावी. मार्गशीर्ष आणि माघी पुनवेच्या आसपास डोंगराकडचे रस्ते भरून वाहतात, आणि मंगळवार-शुक्रवारीही गर्दी असते. त्या दिवशी फोटोचं नाव काढू नये, सरळ दर्शन घ्यावं.

नविलतीर्थाच्या धरणामागे मलप्रभेचं पाणी काळ्या रानात पसरलेलं आहे, तोच रेणुकासागर. हिडकलसारखा तीव्र उतार नाही. त्यामुळे पाणी हातभर उतरलं तरी काठ बराच मागे सरकतो आणि रुंद पट्टा उघडा पडतो. त्यावर कोवळं गवत येतं, आणि पट्टकादंब हंस त्या गवतासाठी उतरतात. धोका तिथेच आहे. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसणारा गाळ खाली लोण्यासारखा असतो. पाय टाकण्याआधी काठीने दाबून बघावं. काठी सहज गेली तर परत फिरावं. जनावरांच्या खुरांची ताजी वाट असेल तर तिच्यावरूनच चालावं. गाडी तर पट्ट्यावर कधीच घालू नये. काळ्या मातीत रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर येईपर्यंत सकाळ संपते.

जलाशय वेडावाकडा असल्याने इथे काठ निवडणं म्हणजे आतला एखादा फाटा निवडणं. पूर्व-पश्चिम पसरलेला फाटा बघून त्याच्या दक्षिणेला बसायचं. पट्टकादंब पहाटे चरून आठ-नऊच्या सुमारास विसाव्याला पाण्याकडे येतात. ते येतात ती दिशा आदल्या संध्याकाळी बघून ठेवता आली तर निम्मं काम होतं. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या नीट दिसायला पक्षी आडवा हवा, म्हणून थवा डोक्यावरून येण्याची वाट न बघता त्याच्या मार्गाच्या शंभरेक पावलं बाजूला बसावं. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खाली उतरून फिरू लागला की सगळा काठ एकदम उठतो. कॅमेरा तयार ठेवून हे त्याच्यावर सोपवावं.

पट्टकादंब इथे हाती लागले नाहीत, तर गदग जिल्ह्यातलं मागडीचं तळं ही त्यांची ठरलेली जागा. २०२४ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेलं. सौंदत्तीहून एका दिवसात होतं, पण ती वेगळी फेरी करावी.

हंस बघताना माना नीट तपासायच्या. मंगोलियात काही पट्टकादंबांच्या गळ्यात अक्षर-आकडे लिहिलेले रंगीत पट्टे घातलेले आहेत, आणि असे पक्षी कर्नाटकात दिसलेले आहेत. पायातही रंगीत कडी असू शकतात. असा पक्षी दिसला की सुंदर फोटोचा नाद सोडायचा. शटर १/२००० वर न्यायचं, पट्टा आपल्याकडे वळेपर्यंत लागोपाठ फ्रेम घ्यायच्या, कारण अक्षरं गळ्याभोवती गोल असतात आणि एका बाजूने अर्धीच वाचता येतात. हवा थरथरत असेल तर वीस-तीस फ्रेममधली एखादीच वाचनीय निघते, तेव्हा तिथल्या तिथे एकही पुसू नये. पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, वरून खाली वाचायचा क्रम, तारीख, वेळ, गावाचं नाव आणि थव्यात एकूण किती पक्षी, एवढं वहीत लगेच लिहून ते मुंबईच्या बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवायचं. फोटो कितीही पुसट असला तरी चालतो, अक्षरं वाचता आली पाहिजेत.